घासाचं चित्र

चाकणच्या एका कारखान्याने नवं कॅन्टीन बांधलं, तेव्हा तिथल्या पाट्यांचं काम माझ्याकडे आलं. मी ग्राफिक डिझायनर. रहाटणीत घरातल्याच एका खोलीत बसून लेबलं, खोके, पत्रकं असली कामं करते. कारखान्यात मराठी, हिंदी, ओडिया बोलणारे सगळेच, म्हणून पाट्यांवर अक्षरं कमी आणि चित्रं जास्त हवी होती. हात धुण्याच्या जागी नळ, पाण्यापाशी ग्लास आणि मुख्य दारावर काटा-चमचा. हे शेवटचं चित्र तर मी फार विचार न करताच काढलं. सगळीकडे तेच असतं.

कॅन्टीन सुरू झालं आणि तिथल्या एचआरच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, लाइनवरच्या बायका आत येईनात. डबे घेऊन बाहेर पायरीवर बसतात. विचारलं तर म्हणतात, ते पाहुण्यांसाठी आहे."

"असं कशावरून वाटलं त्यांना?"

"तुमच्या पाटीवरून."

आधी मला हसू आलं. मग वाटलं, बरोबरच आहे की. मी स्वतः तरी घरात कधी काट्याने जेवते? मग जेवणाचं चित्र काढायचं तर काय काढायचं?

कॉलेजात मानववंशशास्त्राचा एक विषय होता. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या की लोकांना प्रश्न विचारण्याआधी त्यांच्यात जाऊन बसावं. तेवढंच लक्षात राहिलं होतं. डबा आणि चित्रांची वही घेऊन मी जेवणाच्या सुट्टीत त्या पायरीवर जाऊन बसले.

बायकांची लाइन लीडर जवळच्याच गावची, चाळिशीतली, मोकळ्या स्वभावाची. तिने सरकून जागा करून दिली. डबे उघडले की आधी भाज्या एकमेकींच्या झाकणात जात, मग जेवण सुरू होई. मी हात बघत होते. एकजण भाकरी एकाच हाताने मोडत होती, अंगठ्याने दाबून, तर्जनीने ओढून. दुसरीने ती सगळी आमटीत कुस्करली. आणखी एक गोष्ट मी आयुष्यभर बघितली होती, पण कधी निरखून पाहिली नव्हती. घास तोंडाकडे जातो तेव्हा मानही थोडी खाली येते. दोघं अर्ध्या वाटेत भेटतात.

पुढच्या खेपेला मी ताटावरच्या हाताचं चित्र काढून नेलं. पाच बोटांची टोकं जुळलेली, खाली वळलेली. लीडरने वही हातात घेतली.

"ताई, ह्यो हात जेवतोय का रांगोळी घालतोय?"

सगळ्या हसल्या. खरोखरच तो रांगोळीचा हात होता. चिमूट तीच. घास घेताना ती वर वळते, रांगोळी सोडताना खाली, एवढाच फरक. मी तिथेच दुसरा काढला. वही हातोहात फिरली आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या एका बाईपाशी आली. ती मराठवाड्यातून आलेली, सुट्या भागांची तपासणी करायची. तिने चित्र बराच वेळ पाहिलं आणि वही पुढे दिली.

सुट्टी संपताना ती नळापाशी माझ्याजवळ आली.

"ताई, ती आधीची चमच्याची पाटी काय वाईट होती?"

तेव्हा मला तिचा उजवा हात दिसला. अंगठा आणि तर्जनी होती, पुढची बोटं नव्हती. आधी एका छोट्या वर्कशॉपात असताना ती पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडून तुटली, असं तिने सांगितलं.

"मला तर ती पाटी बघून बरं वाटलं होतं. म्हटलं, आत चमचे असतील."

"मग आत का नाही गेलात?"

"ह्या सगळ्या बाहेर. एकटी कशी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याच शेजारी बसले. ती आपणहून बोलू लागली. जखम ओली होती तोवर जाऊ भरवायची. मोठ्या माणसाने असं भरवून घ्यायचं म्हणजे आधी लाज वाटायची, मग सवय झाली. पुढे ती डाव्या हाताने खाऊ लागली तर सासूबाईंना ते बघवेना.

"त्यांचंबी खरं हाय. डाव्या हातानं अन्नाला शिवायचं न्हाई, आमीबी तेच शिकलो. मग चमचा धरला. चमचा डाव्या हातात असला तर कुणी काही म्हणत न्हाई."

हात तोच, अन्न तेच, मध्ये स्टीलचा एक दांडा आला की चालतं.

"चव वेगळी लागते?"

"गरम कळत न्हाई. आधी बोटांना कळायचं. आता एकदम जिभेलाच चटका बसतो."

त्या संध्याकाळी जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. तो भोसरीत मशीन ऑपरेटर आहे. त्याने तीन बोटं मिटली आणि अंगठा-तर्जनीने वरण-भात उचलून पाहिला. अर्धा खाली सांडला. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. मग हात तसाच ताटावर धरून तो बोटांकडे बघत राहिला. "हे सोपं नाही," एवढंच म्हणाला.

मी हात बाजूने काढून बघितला. बाजूने पाहिलं की पुढे अंगठा आणि तर्जनी, बाकीची बोटं त्यांच्या आड. आहेत की नाहीत, ते दिसतच नाही. हातात घास आणि खाली वाकलेलं कपाळ. चित्र आधीच्यापेक्षा चांगलं होतं. साहेबांच्या आधी मी ते तपासणीवाल्या बाईला दाखवलं.

"हे चालतंय," ती म्हणाली. "पण आत चमचे ठेवायला सांगा. पाटी काय खायची असते?"

साहेबांनी दोन्ही गोष्टी लगेच मान्य केल्या. नवी पाटी लागली, ताटांशेजारी चमचे आले. बायकाही आत आल्या. पण पाटी बघून आल्या असं मला म्हणता येणार नाही. एका दुपारी ऊन पायरीवर आलं, लीडर डबा उचलून आत गेली आणि तिच्या मागे सगळ्या गेल्या.

नंतर मी एकदा सहज बघायला गेले. तपासणीवाली बाई लांब बाकावर मधोमध बसली होती, सगळ्यांकडे तोंड करून. लीडर तिच्या ताटात भाकरी कुस्करत होती.

"अजून बारीक कर. एवढा मोठा तुकडा चमच्यात बसतो का?" ती लीडरला दटावत होती.

"व्हय गं बाई, करते."

मी वही काढली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि समोरची जागा दाखवली.

"ताई, रोज आमालाच काढता. तुमी कशा जेवता ते बघू द्या की आज."

मी बसले आणि डबा उघडला. समोरच्या साऱ्याजणी माझ्या हाताकडे बघत होत्या. पहिला घास उचलताना माझी बोटं अवघडली.