गाण्याचा कागद

ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि गंमत म्हणजे ते माझ्या पोलीस नोकरीतले नाहीच. निरीक्षक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दोह्यात एका खासगी प्रदर्शन-दालनाच्या सुरक्षेचे काम पत्करले. बिऱ्हाड शहरातल्या अल सद्द भागात केले. संबंधितांची नावे लिहीत नाही. त्यांची काही गरजही नाही.

दालनात जुन्या अमेरिकन गाण्यांचे आणि कवितांचे प्रदर्शन भरणार होते. पुस्तके नव्हेत, सुटे कागद. एका कागदावर एक गाणे, एकाच बाजूला छापलेले, वर लाकडी ठशाचे चित्र, कडेने वेलबुट्टी. त्या काळी माणसे रस्त्यावर उभी राहून ते विकत. कुठे आग लागली, जहाज बुडाले, कोणाला फाशी झाली, की लगेच त्यावर गाणे छापून तयार. लोक घेत, चालीवर म्हणत आणि टाकून देत. म्हणून फार थोडे उरले, आणि जे उरले त्यांना आता काचेमागे जागा मिळाली.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी त्यातला एक कागद जागेवर नव्हता. खाणीतल्या अपघातावरचे गाणे होते ते. वर शवपेट्यांची रांग छापलेली, भोवती जाड काळी चौकट. सपाट, रुंद ड्रॉवरांच्या कपाटात तो ठेवलेला होता. किल्ली दोघांकडे: दालनाच्या संचालिका बाई आणि चौकटी बसवणारा सुतार.

सुतार कुडाळकडचा, पन्नाशीतला. नजमा या कामगारांच्या वस्तीत इतरांबरोबर खोली करून राहायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे गोव्याचे विमान होते. मुलीचे लग्न होते. बाई मला म्हणाल्या, "दुपारपर्यंत तुमच्या पद्धतीने बघा. नंतर मला पोलिसांना कळवावेच लागेल." इथे तक्रारीत नाव आले की चौकशी संपेपर्यंत माणसाला देश सोडता येत नाही. म्हणजे मांडवात नवरीचा बाप नसणार, हे बाईंना ठाऊक होते आणि मलाही.

मी आधी जागेची पाहणी केली. कुलूप शाबूत, कॅमेऱ्यात परका माणूस नाही. कपाटाचे सगळे ड्रॉवर बाईंच्या माणसांनी उघडून पाहिले होते. सगळ्यात खालच्यात नुसते कोरे, पिवळट कागद होते. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर मला बाजूला घेऊन गेला. हा बीडचा, सुताराच्याच खोलीत राहणारा.

"साहेब, माझं नाव घेऊ नका. रात्री त्यो बायकोला फोनवर सांगत व्हता. कागद कामावरच दडवून ठिवलेत, निघताना घिऊन येतो म्हनला."

"ठिवलेत म्हणाला, का ठिवलाय?"

"ठिवलेत."

"नीट आठव."

"साहेब, त्याची भाषा निम्मी कळत नाही मला, पर एक का लई, एवढं कळतंय की. ठिवलेत म्हनला. आता खलास का त्याचं?"

"तू गाडी पूस," मी म्हणालो.

हरवला होता एक कागद. लपवले होते अनेक. हा हिशेब जुळत नव्हता, आणि न जुळणारा हिशेब मी सहसा सोडत नाही.

सुताराला मी माझ्या खोलीत बसवून चहा दिला. आधी हिंदीत, मग मराठीत विचारले, "गाण्याचा कागद कुठे आहे?"

"साहेबांनू, शपथेर सांगतंय. गाण्याच्या कागदाक मी हात लावक नाय."

पुन्हा विचारले, तेच उत्तर. माझा अनुभव असा की खोटा आळ आला की माणूस चिडतो. हा चिडत नव्हता, घाबरला होता. पण भीतीही भलत्या जागी होती. गाण्याच्या कागदाबद्दल विचारले की तो सरळ माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणे, आणि माझी नजर त्याच्या हत्यारांच्या पेटीकडे वळली की घसा खाकरे. मी प्रश्न बदलला.

"पेटीतले कागद कसले?"

त्याने कप खाली ठेवला. मग स्वतःच पेटी उघडली आणि करवतीखालून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

मंगलाष्टका होत्या. जाड, सायीच्या रंगाचा कागद, भोवती द्राक्षाच्या वेलीची चौकट, मधोमध मुलीचे आणि जावयाचे नाव गुंफलेली कडवी. कागद दालनात कापून उरलेला. न विचारता घेतला होता आणि नजम्यातल्या एका दुकानात छापून आणला होता.

"गावाक छापले असते तर फुकट झाले असते," तो म्हणाला. "चुलतभावाचो छापखानो आसा. पण महिनाभर हे लोकांचे कागद हातात घेतलंय. म्हटला, माझ्या चेडवाच्या लग्नाकपण असोच कागद होवचो. चोरी ती चोरीच. पगारातून कापून घेवा."

"आणि हे ठेवले कुठे होतेस?"

"वळी पडू नये म्हणान कपाटाच्या ड्रॉवरात, तळाच्या पुठ्ठ्याखाल. सकाळी बोंब झाली तसो पेटीत घातलंय."

कुठला ड्रॉवर ते विचारले, तर तो हरवलेल्या कागदाचाच निघाला. मी बाईंच्या सूचीतला फोटो त्याच्यासमोर धरला. "मग हा तिथे असेल."

त्याने फोटो पाहिला आणि मान वळवली. "होतो मां. हो मयताचो कागद. तसलो कागद लग्नाच्या कागदाक लागाक कसो देतलंय? खालच्या ड्रॉवरात पालथो घालून ठेवलंय."

"अरे, हेच ते गाणे!"

"ता गाणा?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "मढ्याच्या पेटीयेर गाणा कोण छापता, साहेबांनू?"

आम्ही दोघे कपाटाकडे गेलो. सगळ्यात खालच्या ड्रॉवरात, कोऱ्या कागदांच्या थरात, तो पालथा पडला होता. एकाच बाजूला छापलेला. पालथा घातला की कोराच. शोधणाऱ्यांनी वरून पाहून ड्रॉवर लावून टाकला होता. मी हातमोजे घालून तो उलटा केला. सुताराने तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहिले.

बाईंना मी सगळे सांगितले, उरलेल्या कागदाची गोष्टही. लपवले असते तर पुढे त्याच्यावरच उलटले असते. त्यांनी एक मंगलाष्टकेचा कागद उजेडात धरला आणि विचारले, "हे लग्नात म्हणतात? आणि नंतर?"

"नंतर काही नाही. खुर्चीवर राहतात."

त्या हसल्या. कागदाचे पैसे नकोत, पण यातला एक मला संग्रहात हवा, असे म्हणाल्या. मी सुताराला हे मराठीत सांगितले. तो संकोचला, पुढे झाला, मागे सरला. मग हळूच मला म्हणाला, "खंयच्या ड्रॉवरात ठेवतली बाई, ता आधी विचारा."

मी विचारले. वेगळ्या ड्रॉवरात, असे ठरले. तेव्हा त्याने गठ्ठ्यातला सगळ्यात स्वच्छ कागद निवडून दोन्ही हातांनी त्यांना दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच बीडच्या ड्रायव्हरने त्याला विमानतळावर सोडले. खबर कोणी दिली, हे मी सुताराला सांगितले नाही.

त्या सकाळी त्याने मला शपथेवर जे सांगितले, ते अक्षरशः खरे होते. गाण्याच्या कागदाला त्याने हात लावला नव्हता, कारण त्याच्या लेखी ते गाणे नव्हतेच. माणसाचे उत्तर जबाबात त्याच्याच शब्दांत उतरवावे, हा खात्यातला दंडक मी नोकरीभर पाळला. प्रश्नही त्याच्याच शब्दांत विचारावा लागतो, हे मात्र मला त्या सुताराने शिकवले.