दर्यासारंगाची हिरवी काच

गुरुवार, ता. ६ मार्च. सकाळी नळाला पाणी बारीक. दुपारच्या विमानाने भाऊ आणि वहिनी परदेशी लेकीकडे गेले. वरच्या घराची किल्ली माझ्याकडे. संध्याकाळी माशांना चिमूटभर खाणे घातले. मासे सर्व हजर.

'हजर' हा शब्द माझा नाही, भाऊंचा. भाऊ म्हणजे माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. ते मला ताई म्हणतात, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणते आणि त्यांच्या बायकोला वहिनी. बाकीची इमारत त्यांना दर्यासारंग म्हणते. समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच, की होडीत बसलं की त्यांना मळमळतं. त्यांचा उभा जन्म एका कचेरीच्या आवक-जावक विभागात गेला. तिथे त्यांचं कोणी ऐकत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी आणली आणि तीत आपली कचेरी पुन्हा भरवली.

लांब पंखांचा चपटा एंजल मासा, ते 'मोठे साहेब'. घटकेघटकेला वर येऊन हवेचा घोट घेऊन जाणारा गुरामी, ते 'हेडक्लार्क'. मूळचे हेडक्लार्कही असेच चहाला उठत. बारीक लाल-निळ्या माशांचा थवा एकदम एकाच बाजूला वळतो, ती 'युनियन'. पूर्वी काचेवरचं शेवाळ खाणारा एक सकर मासाही होता. तो समोरच्या काचेला पोट चिकटवून बसे, त्यामुळे साहेबांचं दर्शन होत नसे. त्याची बदली झाली, जिथून आणला त्याच दुकानात.

या कचेरीला सुट्टी नसल्यामुळे भाऊ कुठे जात नसत. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला बॅगा भरून तयार होत्या. तेवढ्यात साहेबांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या आणि वहिनींनी पहिला नातू फोनच्या पडद्यावर बघितला. दुसऱ्या वेळी त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"ताई, या खेपेला मी जाणार म्हणजे जाणार. यांना मागे ठेवलं तर मीठ कुठे आहे ते विचारायला रोज फोन करतील. म्हणून यांनाही नेणार. तुम्ही मासे बघाल ना?"

मी हो म्हटलं. मग माझं प्रशिक्षण सुरू झालं.

"चिमूट दाखवा, ताई," भाऊ म्हणाले.

मी दाखवली.

"ही चिमूट नव्हे, मूठ झाली."

"भाऊ, मी तीन पोरं वाढवलीत."

"पोरं जास्त खाऊन मरत नाहीत. मासे मरतात. उपाशी राहिले तर एक वेळ तगतील."

यात तथ्य होतं, म्हणून मी चिमूट कमी केली. पुढचा हुकूम काचेचा होता. "काचेला हात लावायचा नाही. काच मीच घासतो. दुसऱ्याच्या हातून ओरखडा पडला की तो जन्माचा!"

हे ऐकताना बॅगेची चेन ओढणाऱ्या वहिनींना एकदम खोकला आला.

"आणि शेवाळ धरलं तर?" मी विचारलं.

"धरू दे. हिरवं शेवाळ म्हणजे पाणी जिवंत असल्याची खूण. ते बघून घाबरतात ती माणसं अडाणी."

जाताना भाऊंनी टाकीसमोर स्टुलावर एक छोटा कॅमेरा बसवला. जग कुठे गेलंय बघा. तिकडे त्यांच्या फोनवर टाकी दिसणार आणि इकडे कॅमेऱ्यातून त्यांचा आवाजही येणार. स्टूल हलवायचं नाही, हाही हुकूमच.

तो आवाज पहिल्याच संध्याकाळी आला. मी झाकण उघडून वाकले होते.

"ताई, चष्मा सांभाळा! पाण्यात पडेल!"

चष्म्याआधी मीच पडायची. त्यानंतर रोजचाच ससेमिरा लागला. साहेब कोपऱ्यात का उभे आहेत? मी म्हटलं, विचारलं नाही. युनियनमधला एक जण मागे का पडतोय? म्हटलं, फुटला असेल. विनोद त्यांना आवडत नसत.

मग नवीनच अडचण निघाली. तिकडे दिवस असला की इकडे रात्र, आणि रात्री टाकीचा दिवा बंद. "नुसता काळोख दिसतो हो," भाऊ कळवळून म्हणाले. पाठीमागून वहिनींचा आवाज आला, "मग दिवा चालूच ठेवायला सांगा की! ताईंना त्रास नाही, उलट बटण दाबायचं काम वाचलं."

"आणि माशांची झोप?" मी विचारलं.

"हेडक्लार्क उजेडातच झोपायचे," भाऊ म्हणाले. "सवय आहे त्यांना."

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर सांगत, सूचना समजली नसेल तर एकदा विचारा; समजली असेल तर वाद घालू नका. माझं विचारून झालं होतं. मी दिवा चालू ठेवला. मासे मागच्या झाडांच्या सावलीत जाऊन आपली सोय पाहू लागले. त्यातूनच पुढचं संकट उभं राहिलं.

"ताई, हेडक्लार्क नाहीत!"

"आहेत. फिल्टरच्या मागे आहेत."

"मला दिसत नाहीत."

"मला दिसतायत ना."

"तुमचं वय झालंय, ताई. मी येतो. तिकीट बघतोय."

थोड्या वेळाने वहिनींचा वेगळा फोन आला. आवाज दबलेला होता. "हे खरंच निघालेत हो. वाटेत विमान बदलायचं असतं. एकट्याला सोडलं तर तिसऱ्याच देशात उतरतील, म्हणजे मलाही निघावं लागणार. आणि इथे पोरीचे दिवस अगदी भरत आलेत. याही खेपेला मी नसणार का, ताई?"

मी वर गेले. हेडक्लार्क तेवढ्यात हवेच्या घोटासाठी बाहेर आले, कॅमेऱ्यासमोरून ऐटीत गेले आणि तिकीट पुढे ढकललं गेलं. पण असं किती दिवस चालणार? हेडक्लार्कच्या तब्येतीवर एका बाईचं आजीपण टांगलेलं होतं. कचेरीत माणसांची कामं अडतात, ती अशीच.

दिवा मात्र अखंड जळत होता. आधी काचेच्या कडेला हिरवी झाक आली. मग ठिपके आले. मग समोरच्या काचेवर हिरवा पडदाच चढला. मी वरून झाकण उघडून रोज बघत होते. मासे धडधाकट होते, चिमूट वेळेवर खात होते. सावधगिरी म्हणून मी एक मऊ घासणी आणून ठेवली आणि हुकमाची वाट बघत बसले.

"ताई, मला आता काहीच दिसत नाही! सगळं हिरवं!"

"शेवाळ आहे, भाऊ. मासे सर्व हजर."

"मी येतो. येऊन काच घासतो."

"कशाला? मी घासते. मऊ घासणी आणलीय."

"खबरदार! ओरखडा पडेल!"

"बरं. पण शेवाळ म्हणजे पाणी जिवंत असल्याची खूण, नाही का?"

"हो... म्हणजे आहेच."

"आणि ते बघून घाबरतात ती..."

भाऊंनी सूर बदलला. जुन्या फायलीत आपल्याच हातचा शेरा निघाल्यावर माणूस बदलतो, तसा. म्हणाले, "फारच जिवंत दिसतंय." मी म्हटलं, "फारच." त्या दिवसापासून तिकिटाचं नाव निघालं नाही. कॅमेऱ्यातला आवाजही बंद झाला. बघायलाच काही उरलं नाही, तर देखरेख कशाची करणार?

आज, तीन आठवड्यांनी, फोन वाजला तेव्हा आधी भाऊच बोलले.

"मुलगी झाली, ताई! नात! पण या घरात काही शिस्तच नाही. रडली की दूध, रडली की दूध. काही प्रमाण नको? मी म्हटलं, आधी वेळापत्रक करा, तर जावई खोलीबाहेर निघून गेला."

"आणि साहेब वगैरे?" मी मुद्दाम विचारलं.

"कोण साहेब? अहो, साहेब इथे आल्यात. माझं बोट धरून ठेवलंय, सोडायला तयार नाहीत. हे घ्या, हिच्याशी बोला."

वहिनींनी फोन घेतला. दार लोटल्याचा आवाज आला.

"ताई, नात माझ्याच हातात दिली हो पहिल्यांदा." मग हळूच म्हणाल्या, "काच अजून हिरवीच आहे ना?"

"हिरवीगार. भाऊ सोडून कोणी हात लावायचा नाही, म्हणून तशीच ठेवलीय."

"हे कुठले हात लावायला! सोफ्यावर बसून 'डावीकडे, डावीकडे' सांगतात. इतकी वर्षं मीच घासतेय ती काच. दिवा थोडा जास्त वेळ राहिला की कशी भराभर हिरवी होते, ते मला नाही तर कोणाला ठाऊक?"

मला तो चेन ओढतानाचा खोकला आठवला.

"मग आता घासू का, वहिनी?"

"अहो, नको!" त्या घाईने म्हणाल्या. "अजून महिनाभर तरी राहायचंय मला."

संध्याकाळी माशांना चिमूटभर खाणे घातले. नवी घासणी भांड्यांना काढली.