परतीची नळी

आमच्या ह्यांच्या जुन्या अमेरिकन गाडीतून आम्ही कारवारहून बेळगावला नणंदेकडं निघालो होतो. गुंद हे माझं माहेर. "ते वाटेत पडत नाही," असं हे दरवेळी म्हणायचे. त्या उन्हाळ्यात अणशी घाटात गाडी सारखी बंद पडू लागली, कारण पेट्रोल नळीतच उकळत होतं. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकत कसंबसं जोयडा गाठलं.

तिथला मिस्त्री तांब्याची नळी तोंडात धरून फुंकायचा, दुसऱ्या टोकाला बोट लावून वारा बघायचा आणि बाहीनं ओठ पुसायचा. इंजिनाजवळ त्यानं पेट्रोलच्या नळीला फाटा काढला आणि ही नळी थेट मागच्या टाकीपर्यंत नेली.

"ही कशाला?" ह्यांनी विचारलं.

"परतीची हाय, साहेब. इंजन लागंल तेवढं घेतंय, उरलेलं माघारी जातंय. माघारी जायाला वाटच न्हाई दिली, तर तापणारच की!"

मला हसू फुटलं. तो गोंधळला. "काय चुकलं काय, अक्का?"

"न्हाई, बरोबर हाय तुमचं."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, गाडी सुरू केली आणि गुंदच्या रस्त्याला घातली.

ती गाडी पुढं विकली. तो मिस्त्री पुन्हा कधी दिसला नाही. पण त्यानंतर बेळगावला जाताना गुंद नेहमी वाटेतच पडायचं.