हुकलेला रोलर

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि मशीन बिघडली की तो तिथेही थांबत नाही. खामगावजवळच्या आमच्या कारखान्यात डाळीच्या नि बियाण्यांच्या पिशव्यांसाठी प्लॅस्टिकची फिल्म छापतात. मी तिथे मेंटेनन्सला. छपाईच्या मशीनला एका टोकाला फिल्मचा भलामोठा रोल लावतात आणि तो उलगडत पुढे जातो. मागून हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक लागलेला असतो म्हणून फिल्म ताठ राहते. ताण जास्त झाला तर फिल्म लांबते, कमी झाला तर सुरकुत्या पडतात आणि छपाई वाकडी होते.

पूर्वी हा ताण एक वयस्कर ऑपरेटर हातानेच सांभाळायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. पिंपळगाव राजाहून एसटीने यायचे. त्यांचे वडील पिंजारी, गाद्या भरणारे. कापूस पिंजायच्या धनुकलीच्या ताणलेल्या तातीचा आवाज घरातच कानावर पडलेला, म्हणून असेल, चाचा चालत्या फिल्मवर बोटाची पाठ हलकेच टेकवायचे आणि ब्रेकची हवा जराशी कमीजास्त करायचे. रोल संपत आला की ब्रेक सैल करावा लागतो, ते त्यांना मागे वळून न बघता कळायचं.

मग नवीन सिस्टीम आली. एका रोलरखाली सेन्सर. तो ताण मोजणार, पडद्यावर आकडा दाखवणार आणि ब्रेक आपोआप सांभाळणार. ती मीच बसवली. सेन्सरला ताण शिकवायचा तर फिल्मच्या जागी दोरी घालून तिला ठरावीक वजन टांगतात, आणि मशीनला सांगतात की बाई, एवढं म्हणजे एवढं. तेही मीच केलं, आणि वर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवसापासून सुरकुत्या सुरू. गंमत म्हणजे चाचांच्या पाळीत माल नीट निघायचा, बाकी दोन पाळ्यांत खराब. एका सकाळी मी बघायला गेलो, तर चाचांनी ऑटोचं बटण बंद करून ब्रेक हातावर घेतलेला, आणि पडद्यावर ताणाचा आकडा लाल, हद्दीच्या बराच वर. माझं डोकंच फिरलं. मॅनेजर शेजारी उभे होते, तीन ऑपरेटर होते.

"चाचा, तुमी बटनं फिरवून ठेवता, म्हणून पुढच्या पाळीत सारं बिघडते! मशीनपेक्षा तुमाले जास्त समजते का?"

"भाऊ, आकडा काई म्हणो, ऑटोवर फिल्म ढिली चालते. हात लावून पाहा एकडाव."

"हाताचे दिवस गेले आता," मी म्हणालो.

हात लावून बघायला किती वेळ लागला असता? मी लावला नाही. त्याच आठवड्यात मॅनेजरांनी चाचांना पॅकिंगला पाठवलं, खोक्यांना टेप लावायला. वीस वर्षं त्या मशीनवर काढलेला माणूस. ब्रेकच्या बटणाला मी कुलूप ठोकलं.

आता सुरकुत्या तिन्ही पाळ्यांत पडू लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याचं तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी ब्रेकचे पॅड बदलले, हवेचा पाइप बदलला, बेअरिंग बदलली. स्वतःचं काम सोडून सगळं तपासलं. शेवटी काही सुचेना, तेव्हा पुन्हा दोरी टांगायची ठरवली. या वेळी मागची जाळी काढली आणि गार झालो. जाळीआड एक छोटा रोलर आहे. फिल्म आधी त्याच्याखालून जाते आणि मग सेन्सरच्या रोलरवर चढते. पहिल्या वेळी जाळीचे चार बोल्ट खोलायचा कंटाळा करून मी दोरी त्याला वगळून सरळ सेन्सरच्या रोलरवरून नेली होती. त्यामुळे फिल्म सेन्सरला दाबायची जास्त आणि दोरीने दाबलं होतं कमी. पडद्याला थोडा ताणही फार वाटायचा, आणि तो ब्रेक सैल सोडत राहायचा. चाचांच्या हाताला कळत होतं ते खरं होतं. पडद्याला खोटं मीच शिकवलं होतं.

दोरी बरोबर वाटेने घातली, मशीन सुरू केली. एक सुरकुती नाही.

"काय झालं होतं हो?" मॅनेजरांनी विचारलं.

"सेन्सर लूज होता," मी म्हणालो. किती सहज निघालं ते तोंडातून!

त्याच दुपारी पॅकिंगला जाऊन चाचांना मात्र सगळं खरं सांगितलं. त्यांनी हातातल्या खोक्याची टेप पूर्ण लावली.

"एक काम करा भाऊ. ज्या लोकाइसमोर तुमी मले बोलले, त्याइच्यासमोर हे सांगा. बाकी मले काई नाई पाह्यजे."

"हाव चाचा. उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सुट्टीवर होते. नंतर कारखान्याची तपासणी लागली. मग वाटू लागलं, आता सांगितलं तर विचारतील की इतके दिवस काऊन गप्प होता. चहाच्या सुट्टीत चाचा माझ्याकडे बघायचे. पुढे पुढे बघायचे नाहीत, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटायचं. याची लाज आजही वाटते.

चाचा निवृत्त झाले ते पॅकिंगमधूनच. निरोपाच्या कार्यक्रमाला सगळा कारखाना जमला. मॅनेजर चांगले माणूस, मनापासून बोलले. म्हणाले, "वयामुळे यांना नवीन मशीन जमली नाही. पण मोठेपणा बघा, कुरकुर न करता पडेल ते काम केलं." चाचांनी गळ्यातला हार नीट केला आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी उठतो का, एवढंच ते बघत होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसल्या जागेवरून मीही वाजवल्या.