चुकून लागलेलं मशीन

प्रत्येक बिघाडामागं माणसाचाच हात असतो असं मानणारा आमचा कॉम्प्युटरवाला हा अख्ख्या संभाजीनगरातला सर्वांत संशयी आणि सर्वांत निरुपद्रवी माणूस असावा. आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, कारखाना चिकलठाण्याला. इथं बसून तिथलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आपल्या पडद्यावर उघडायचं, ही सोय त्यानंच लावून दिलेली. सगळ्या मशीनना पासवर्डही त्याचाच, एकच. ती सोय आठवड्यातून दोनदा रुसायची. मग तो यायचा. वैजापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला; आधी मशीनच्या पाठीवर तळवा ठेवून ताप बघायचा, मग फोनवर कारखान्याच्या वॉचमनला दरडावायचा, "चालू हाय म्हणू नको. जाऊन बघ, मग सांग!" एकदा मी म्हणाले, पासवर्ड बरोबरच टाकलाय. त्यानं तो माझ्याकडून तीनदा टाकून घेतला. तिसऱ्यांदा लागला. "मी काय बोललो का?" एवढंच म्हणाला.

त्या वर्षी पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला होता. शहर जालना रोडनं पसरतच होतं, आणि कारखान्यात पाणी टँकरनं येत होतं. एक पाळी बंदच झाली होती. अशा एका दुपारी, तो ऑफिसात आलेला असताना, मी कारखान्यातलं डिस्पॅचचं मशीन जोडलं आणि पडद्यावर भलतंच काही उघडलं.

"भाऊ, हे आपलं नाही!"

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. "लाईट जाऊन आली ना, मशीनचे नेटवर्कातले पत्ते बदलले. हे मोठ्या साहेबांचं लागलं."

साहेब जेवायला गेले असावेत. कागद उघडाच होता. कामावरून कमी करायच्या माणसांची यादी. तिसरं नाव त्याचं.

त्यानंही ते वाचलं.

"बंद करा, ताई. दुसऱ्याचं वाचू नाय."

"अहो, पण तुमचं नाव..."

"नाव तर बरोबर लिवलंय," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

मला वाटलं, आता हा उठून जाईल. तो तासभर बसला. एकेका मशीनला कायमचा पत्ता बांधून दिला, माझ्याकडून तीनदा जोडून घेतलं. "पुन्हा कुणाला चुकून लागायला नको."

महिनाअखेरीस तो गेला. जाताना एक वही दिली: कुठल्या मशीनचा पत्ता काय, तिथं कोण बसतं. "नव्या माणसाला हुडकत बसाया नको."

अजून काही अडलं की मी ती वही काढते. शेवटची ओळ त्याच्या स्वतःच्या मशीनची आहे. नावाच्या जागी त्यानं लिहिलंय, 'मोकळं'.