ओट्सवरची तर्री

अकोल्याच्या त्या गल्लीत दुर्गाबाईंच्या तर्रीचा मोठा बोलबाला. कुणाकडे बारसं असो की तेरवी, मसाला भाजायला बोलावणं त्यांनाच. लाल तेलाचा तवंग चढला नाही, तर ती भाजी त्यांच्या लेखी आजाऱ्याचीच. आणि नेमकं त्यांच्याच घरी आजारपण आलं. नवऱ्याच्या, चंद्रभानजींच्या, छातीत कळ आली, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसली, आणि डॉक्टरांनी तेल जवळजवळ बंदच करून टाकलं.

मग सुनेनं, प्राजक्तानं, सकाळचा नाश्ता हाती घेतला. शाळेत शिकवायला जाण्याआधी ओट्स कोरडेच भाजायचे, त्यात पाणी, गाजर, मटार, चिमूटभर मीठ. पाच मिनिटांत वाटी तयार. ती टेबलावर ठेवून प्राजक्ता आंघोळीला जायची.

"हे काय ढोराचं आंबोण देऊन राहिले मले?" चंद्रभानजी कुरकुरायचे. दुर्गाबाईंचा जीव तुटायचा. चाळीस वर्षं आपण ज्याला चवीचं खाऊ घातलं, त्यानं असं डोळे मिटून गिळावं! एके सकाळी त्यांनी अर्धा चमचा तर्री वरून सोडली. अर्ध्याचा एक झाला, एकाचे दोन. नवरा वाटी चाटूनपुसून खाऊ लागला आणि सून खूश झाली. दोघंही सुखी, मग आपलं काय बिघडलं, असं बाईंनी स्वतःला समजावलं.

तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. चरबी उलट वाढलेली. मुलानं, किशोरनं, कागद टेबलावर आपटला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, तो घसरला बायकोवरच. "काय खाऊ घालून राहिली तू त्याईले? घाईघाईत काहीबाही टाकत असशीन. तुह्या बापासाठी असं केलं असतं का?"

चंद्रभानजींनी पेपर डोळ्यांसमोर धरला. दुर्गाबाईंच्या ओठांपर्यंत शब्द आले होते. पण पोराकडून ऐकून घ्यायची भीती वाटली, आणि त्या मान खाली घालून मेथी निवडत राहिल्या. प्राजक्ता म्हणाली, "आणखी लक्ष देते," आणि आत गेली.

दुपारी दुर्गाबाई भरल्या ताटावरून उठल्या. स्वतःचीच किळस आली त्यांना. त्या स्वयंपाकघरात प्राजक्ताकडे गेल्या.

"माहं चुकलं व बाई. मी त्याईच्या वाटीत..."

"तर्री टाकत होतात," सून हळू आवाजात म्हणाली. "काल भांडेवाली आली नाही, वाटी मीच घासली. आज तुम्हाला एकटीला गाठून बोलणार होते."

"मंग किशोर बोलला तवा सांगितलं काहून नाई?"

"सगळ्यांसमोर तुम्हाला खाली पाहावं लागलं असतं, आई."

जी लाज आपण वाचवली असं दुर्गाबाईंना वाटत होतं, ती या पोरीनं शिव्या खाऊन वाचवली होती. त्यांनी जागेवरूनच हाक मारली. किशोर आला.

"तुह्या बापाले तर्री मी चारली. तीन महिने. हिले बोलत होता, तवा मी तिथंच बसून होती."

बाहेरच्या खोलीत चंद्रभानजी खाकरले, पण उठून आले नाहीत. किशोर ओरडला नाही. तो बायकोकडे बघत राहिला, मग आईकडे वळला.

"अन् तू ऐकत बसली?" एवढंच तो म्हणाला.