टोपी पुढे, टोपी मागे

टोपीरावांच्या ट्रकमध्ये चढायचं तर आधी बूट काढायचे, ते दाराजवळच्या पिशवीत ठेवायचे, आणि मग कुठल्याही गोष्टीला हात न लावता बसायचं. हे नियम त्यांनी स्वतःच्या बायकोलाही ऐकवले, तेव्हा वहिनींनी कमरेवर हात ठेवले.

"अहो, घरी तुमचे मोजे सोफ्याखालून काढता काढता माझा जीव जातो, आणि इथे हा थाट?"

"घर तुझं. हे माझं," टोपीराव म्हणाले आणि आरसा पुसायला लागले.

कंपनीतले सगळे ड्रायव्हर टोपीरावांच्या बायकोला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. बेसिनं आणि बाथटब ट्रकमध्ये भरायचे आणि एका देशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पोचवायचे, हे टोपीरावांचं काम. तारुण्यात हातात घेतलेलं स्टिअरिंग त्यांनी केस पांढरे झाले तरी सोडलं नव्हतं. त्यामुळे वहिनींचा संसार बराचसा फोनवरच झाला. मुलीला पहिला दात आला, ते टोपीरावांना फोनवर कळलं. ती गणितात नापास झाली, तेही फोनवर. जावई तर त्यांनी फोनवरच पसंत केला. आता मुलगी तिच्या घरी सुखात होती आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात टेबलाला दोन खुर्च्या होत्या. त्यातली एक सदा रिकामी. वहिनींना त्या खुर्चीचा अगदी वीट आला होता.

गळ घालून झाली, अबोला धरून झाला, टोपीराव काही बधेनात. शेवटी वहिनींनी ठरवलं, या खेपेला आपणच सोबत जायचं आणि येताना नवऱ्याला कायमचं घरी घेऊन यायचं.

"हात चालतात, डोळे चालतात, डोकं चालतं," घरी बसण्याचा विषय निघताच टोपीराव म्हणाले. "डोकं चालेनासं झालं की मीच सांगेन तुला."

हे ते हसत म्हणाले खरे, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ एकदा दुकानातून बटाट्याची पिशवी उचलून पैसे न देताच घरी आले होते. तेव्हा सगळे पोट धरून हसले. मग ते घराचा रस्ता चुकायला लागले, आणि शेवटी शेवटी टोपीराव भेटायला गेले की अदबीने विचारायचे, "आपण कोण?" दादा गेले, पण ती धास्ती टोपीरावांच्या मनात कायमची घर करून बसली. त्यांनी वहिनींना तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी मी पंपावरून पैसे न देता निघेन ना, त्या दिवशी चावी तुझ्या हातात. मग तू म्हणशील तिथे गप्प बसून राहीन."

आता पंपावरून पैसे न देता निघणं ही साध्या माणसाला अशक्य वाटणारी गोष्ट. पण सरहद्दी ओलांडणाऱ्या ड्रायव्हरला ती किती सोपी आहे, हे टोपीरावांनी निघाल्या दिवशीच वहिनींना समजावलं.

"डिझेल सगळीकडे सारखंच गं. पैसे घ्यायची तऱ्हा निराळी. आपल्याकडे पंपावरच्या मशीनमध्ये कार्ड घातलं की पैसे गेले. टाकी भरायची आणि सुटायचं. सरहद्दीपलीकडे मशीन तेच, खाच तीच, आवाजसुद्धा तोच. पण तिथे कार्डाने नुसतं कुलूप उघडतं. पैसे द्यायला टाकी भरल्यावर मागे दुकानात जावं लागतं. नवा माणूस हमखास फसतो."

"आणि तुम्ही?"

टोपीरावांनी डोक्यावरच्या टोपीला टिचकी मारली. टोपीचं टोक पुढे असेल तर पैसे दिलेले आहेत, पुढे निघा. सरहद्द ओलांडली की टोक मागे फिरवायचं, म्हणजे मागे दुकानात जा. पंपावरून गाडी हलवण्याआधी आरशात टोपी बघायची, बस्स. कामाला लागल्या वर्षीच त्यांनी ही युक्ती काढली होती आणि तिच्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. नावात टोपी असली तरी त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला टोपी घातली नाही, असं कंपनीचा मालकच सगळ्यांना सांगायचा.

वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आणि मी आपली समजत होते, तुम्ही तरुण दिसायला टोपी उलटी घालता!"

"तसाही दिसतोच की," टोपीराव म्हणाले. "फक्त तू तिला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी सरहद्द लागली. कागद दाखवून झाले, फाटक वर गेलं, आणि टोपीरावांनी मोठ्या ऐटीत टोपी मागे फिरवली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, कारण इतका वेळ चालवल्यावर विश्रांती घ्यायचीच असा कायदा होता. सीट मागे करून ते क्षणात घोरायला लागले.

ऊन काचेतून सरळ त्यांच्या डोळ्यांवर आलं. वहिनींनी हाताची सावली धरली. हात अवघडला. झोपेत नवऱ्याचं तोंड कसं लहान मुलासारखं उघडं पडतं, हे त्यांनी किती दिवसांत निवांत पाहिलं नव्हतं. त्यांना नवऱ्याची फार माया आली. त्यांनी अलगद टोपी फिरवली आणि टोक टोपीरावांच्या डोळ्यांवर ओढून दिलं.

जागे झाल्यावर टोपीराव पुढच्या पंपावर थांबले. कार्ड घातलं, मशीन वाजलं, टाकी भरली, नळी जागेवर अडकवली. वहिनी मांडीवर रुमाल पसरून संत्रं सोलत होत्या. सीटवर काही सांडून ओरडा बसू नये म्हणून त्यांचं सगळं लक्ष सालींकडे होतं. टोपीरावांनी आरशात बघितलं, टोपी नीट बसवली आणि गाडी रस्त्याला लावली.

थोड्याच वेळात मागून एक छोटी पिवळी गाडी हॉर्न वाजवत आली. टोपीरावांनी ट्रक कडेला घेतला. पंपाचा ॲप्रन घातलेली एक मुलगी उतरली आणि टोपीरावांच्या भाषेत मोडकंतोडकं म्हणाली, "काका, डिझेलचे पैसे राहिले. होतं असं. पुढे वळायला जागा आहे, या माझ्या मागून."

टोपीरावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पुढे ट्रक वळवला आणि ते तिच्या मागून पंपाकडे निघाले. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, मग टोपीकडे बघितलं, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

पंपाच्या आवारात टोपीरावांनी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि वहिनींच्या हातावर ठेवली.

"दादाचंही असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "कंपनीला फोन कर. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणावं. मी पैसे देऊन येतो, आणि मग तू म्हणशील तिथे बसतो."

इतकी वर्षं जे मागत होत्या, ते आयतं वहिनींच्या हातात येऊन पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. दुसरी खुर्ची भरली असती. सकाळचा चहा दोघांचा झाला असता. वहिनींनी मूठ मिटली. शेजारी टोपीराव स्वतःच्या बोटांकडे असे बघत होते, जणू तीही उद्या आपल्याला ओळखणार नाहीत. वहिनींना ते बघवेना.

"अहो, आरशात बघा. टोपी बघा."

"पुढे आहे."

"मी फिरवली. तुम्ही झोपला होतात. ऊन लागत होतं तुम्हाला."

टोपीराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "तू? अगं, पण तुला सांगितलं होतं ना..."

"सांगितलं होतं. मीच विसरले. आता मलाच बसवा घरी!"

टोपीराव आधी खुदकन हसले, मग मोठ्याने हसले, आणि हसता हसता डोक्यावरची टोपी काढून त्यांनी त्या टोपीनेच डोळे पुसले. बराच वेळ पुसत होते.

"चावी तुझ्या हातात होती," ते शेवटी म्हणाले. "गप्प बसली असतीस तर आलो असतो की घरी."

"आला असतात. पण घाबरून आला असतात." वहिनी म्हणाल्या. "कंटाळून या, माझ्याशी भांडून या, कसेही या. घाबरून नका येऊ."

टोपीरावांनी टोपी डोक्यावर घातली, टोक मागे फिरवलं आणि ते दुकानात गेले. काचेतून ते त्या मुलीला काहीतरी सांगताना दिसत होते. ती खळखळून हसत होती. वहिनींना फार हलकं वाटत होतं आणि थोडं रडूही येत होतं.

ते परतले ते चहाचे दोन कागदी पेले घेऊन. एक त्यांनी वहिनींना दिला. बिनसाखरेचा, दूध बेताचं, वहिनींना लागतो अगदी तसा.

"झाकण घट्ट धर. सीटवर सांडलास तर उतरवीन," टोपीरावांनी दम दिला. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "या वर्षअखेरीस कंटाळीन म्हणतो."

"बघू," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी चावी परत दिली.